अठरा वॅट

शारदाला घर आकड्यांत वाचता यायचं. मागच्या वर्षी तिच्या नवऱ्याने, सुधाकरने, घरावर सोलर बसवलं, जिन्याखाली बॅटरी ठेवली, आणि घरात किती वॅट वीज चालली आहे याची खबर थेट तिच्या मोबाईलवर यायला लागली. शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खाताना ती बघायची. साठ, म्हणजे पंखा. चारशे पन्नास, म्हणजे सासूबाईंनी मिक्सर लावला. आणि अठरा दिसले की तिचा जीव भांड्यात पडायचा. अठरा म्हणजे पाळण्याची मोटर. चिमी झोपली.

"मोबाईलात घर पाहती, पोरीकडं कधी पाहशीन?" गोदाबाई सुनेला टोमणा मारायच्या. शारदा हसून सोडून द्यायची. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईने आकड्यावर विश्वास ठेवायला लाजायचं कशाला?

त्या दिवशी गोदाबाई सात महिन्यांच्या चिमीला घेऊन सकाळच्या बसने माहेरी, तुकईथडला गेल्या, आपल्या आजारी आईला पणती दाखवायला. सुधाकर बाहेरगावी होता, शारदाची परीक्षेची ड्यूटी होती. घराला कुलूप लावण्याआधी तिने फ्रिजसकट सगळं बंद केलं, पाळण्याची पिनसुद्धा काढली. रिकामा पाळणा हलू नये म्हणतात. असलं काही ती मानत नसे, तरी काढली.

साडेबाराला सवयीने मोबाईल पाहिला.

अठरा.

तिने सोलरवाल्या कौतिकला फोन लावला.

"वहिनी, काहीतरी चालू राहून गेलं असंल."

"मी स्वतः बंद केलंय सगळं."

"मग सिग्नल की गड़बड़ होगी. टेन्शन नका घेऊ तुम्ही."

ड्यूटी संपताच ती रिक्षाने घरी आली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत पाळणा निश्चल लटकत होता, पिन फरशीवर पडलेली. पाळण्यातली दुपटी तिने चाचपली. गार होती. मोबाईलवर अठरा.

जिन्याखाली जाऊन तिने बॅटरीचा खटका खाली पाडला.

शून्य.

तिने श्वास सोडला, तोच मोबाईल वाजला.

"शारदा!" गोदाबाईंचा आवाज ओळखू येत नव्हता. "अवं, चिमी ढिली पडली! आत्ता तर खेळत होती. श्वास घेत नाही वं माय!"

विचार नंतर आला, हात आधी गेला. खटका वर. अठरा.

पलीकडे उचकीसारखं काहीतरी झालं. मग रडणं, चिमीचंच.

"रडली! रडली वं बाई!"

"आई, जीप करा, दवाखान्यात न्या तिला. आणि फोन काटू नका. स्पीकरवर ठेवा."

"काहून पण?"

"ठेवा म्हणते ना!"

योगायोग, शारदा स्वतःला म्हणाली. खटका पुन्हा एकदा पाडला असता तर कळलंच असतं. शाळेत ती पोरांना तेच सांगायची, एकदा घडलं तर पुन्हा करून बघा. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले.

बॅटरी एकतीस टक्के. बघता बघता सव्वीस. अठरा वॅटवर बॅटरी अशी उतरत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? एकोणीस. निदान सरकारी लाईन तरी असेल म्हणून तिने मीटरकडे पाहिलं. लाल दिवा विझलेला. लाईट गेलेली होती.

बारा.

ती गच्चीवर धावली. पॅनेलांवर धुळीचा थर होता. मोबाईल कठड्यावर ठेवून ती पदराने काच पुसू लागली. स्पीकरवर जीपचा खडखडाट आणि त्यातून चिमीचे हुंकार येत होते. बॅटरी शून्यावर आली. आता जे काही चालत होतं ते थेट उन्हावर.

वरचा कोपरा पुसायला ती पुढे वाकली. तिची सावली काचेवर पडली.

हुंकार थांबले.

"चिमे?" गोदाबाई म्हणाल्या. "चिमे, अवं..."

शारदा झटकन बाजूला झाली.

हुंकार पुन्हा सुरू झाले.

ती भिंतीला पाठ लावून, पदर अंगाशी गच्च धरून उभी राहिली. साडेतीन वाजले होते.

"काय झालं वं? बोल ना काही," गोदाबाई विचारत होत्या.

शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीची सावली पहिल्या पॅनेलच्या कडेला लागली होती.