चौथ्या टेबलावरचा उजेड

दिव्यांची आखणी करणाऱ्या पुतणीला तिचे वायरिंगवाले काका चिडवून ‘उजेडी’ म्हणत. तळघरातलं वाचनालय हे तिचं एकटीने घेतलेलं पहिलं काम. फिकट रंगाच्या भिंती, छताकडे वळवलेले दिवे, शिवाय बाराही टेबलांवर डाव्या खांद्यावरून येणारा उजेड, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडायला नको. सगळं कसं चोख. फक्त चौथं टेबल हटून बसलं होतं.

बाकी टेबलांवर उजेडाचं मापक पाचशे दाखवी, चौथ्यावर एकशे ऐंशी. दिवा बदलला, वायर बदलली. एकशे ऐंशीच.

“अगं, अजून दोन दिवे ठोक की!” काका म्हणाले. “दुपारी तपासणीचे साहेब उजेड मोजायला येतील. नापास झालीस तर आहेच पुन्हा माझ्या हाताखाली होल्डर बसवणं.”

“नुसते दिवे वाढवले तर डोळे दिपतात, काका. वाचता येत नाही.”

“बरं बाई. तू शहाणी.”

उजेडी खडू घेऊन बसली. मापक बोटभर सरकवायचं, आकडा खाली घसरला की तिथे खूण. तासाभरात टेबलावर खुणांची आकृती उमटली. वाकलेलं डोकं. दोन खांदे. कागदावर टेकावा तसा टेकलेला हात.

खुर्ची रिकामी होती.

काकांच्या हातातला पेचकस खाली पडला. उजेडीने मान तिरकी करून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“चूक माझीच! हात डावा आहे, काका. डावखुऱ्याला उजेड उजवीकडून लागतो.”

“कुणाला लागतो?” काकांनी अगदी हळू विचारलं.

तिने खाली पडलेला पेचकस उचलला. दिवा उजवीकडे नेला.

दोनशे.

साडेतीनशे.

पाचशे!

साहेबांनी सगळी टेबलं तपासली आणि चौथ्यापाशीच वाचत रेंगाळले. “असा उजेड मी पाहिला नाही,” म्हणाले आणि सही ठोकली. काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पुतणी आहे माझी!”

सोमवारी ग्रंथपाल बाईंचा फोन आला.

“साहेबांनी सांगितलं म्हणून मोजलं हो. हॉल अजून उघडलेला नाही, दिवे सगळे चालू आहेत. पण चौथं सोडून बाकी अकराही टेबलांवर उजेड कमी भरतोय.”

“बरं. आणखी कुठे?”

फोनवर बाईंची पावलं दाराकडे जाताना ऐकू आली.

“दारापासून वर जिन्यापर्यंत. कमी उजेडाचे ठिपके, हातभर अंतरावर, एकामागे एक, रांग लावल्यासारखे.”