परत आणायची घाई

लॅपटॉप बंद कर, प्रणव. अंगात ताप, क्रांकश्राइबुंग, डॉक्टरचा आजारपणाचा दाखला, देऊन घरी बसलायस, आणि ऑफिसला उत्तरं कसली लिहितोस? वैभवी, तो मोठा दिवा नको लावूस. ऐका दोघं. ही गोष्ट माझ्या मित्राची, निहारची. खोटी असती तर मला एवढा संताप आला नसता.

इथेच जर्मनीत, वाल्डॉर्फ गावाच्या अलीकडे एक सर्व्हर रूम आहे. तिथे दोन सर्व्हर जोडीने अँब्युलन्सचे फोन सांभाळायचे. एक पडला की दुसरा काम उचलायचा. ही जोडी लावली निहारच्या जोडीदाराने, वासुदेवने. त्याचा हट्ट एकच, पडलेला सर्व्हर उठला म्हणून काम आपोआप त्याच्याकडे परत जाऊ द्यायचं नाही. "आजारातून उठलेल्याला लगेच पाणी भरायला लावता का? आधी तपासा, मग स्वतःच्या हाताने परत द्या." बिघडलेल्या सर्व्हरची विजेची केबल काढून तो तिला बायकोच्या, ऊर्मिलावहिनींच्या जुन्या हिरव्या साडीची चिंधी बांधायचा. चिंधी दिसली की कोणी हात लावायचं नाही.

मग त्याचीच बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला दिवसाला दोनच तास काम. पण त्यांच्या साहेबाला दम कुठला! थेट रात्रपाळीला बोलावलं. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, तीन वाजता घड्याळं एक तास मागे घेतात ती रात्र. दोन ते तीन हा तास दोनदा येतो ना, त्यातल्या दुसऱ्या तासात वासुदेव गेला. खुर्चीतच. साहेबाने फुलं पाठवली, नालायकाने!

"काका, पण..."

मध्ये बोलू नकोस, प्रणव.

पुढच्या वर्षी तीच रात्र. निहार एक साधी सेटिंग बदलायला गेला होता. साहेबाचा हुकूम होता, सर्व्हर उठला की काम लगेच परत. निहार भांडला. शेवटी बदलली.

दोन वाजता पहिला सर्व्हर पडला. काम दुसऱ्याकडे गेलं. पहिला उठला, काम परत त्याच्याकडे. पुन्हा पडला. पुन्हा परत. दर वेळी चालू फोन तुटायचे. पलीकडे कोणाचा बाप, कोणाचं लेकरू. स्क्रीन अडकलेली, सेटिंग मागे घेता येईना. मशिनं काचेपलीकडे, कुलपात. किल्ली साहेबाकडे. साहेब फोन उचलेना.

तीन वाजले. घड्याळ पुन्हा दोनवर आलं.

मागे कोणीतरी खोकलं... छाती दाबून धरत.

निहार वळला नाही.

"अजून... नको," तोच खोकणारा आवाज.

काचेपलीकडे दिवे गेले. एकाच सर्व्हरचे.

मग... काही नाही. फोन तुटायचे थांबले. दुसरा सर्व्हर सकाळपर्यंत एकटा चालला.

सकाळी साहेब किल्ली घेऊन आला, ओरडतच. "वेर वार दास?" कोणी केलं हे? साहेबाने कुलूप उघडलं. पहिल्या सर्व्हरची केबल उपसलेली, नीट गुंडाळलेली. तिला हिरवी चिंधी. कडा करपलेल्या.

निहार ती घेऊन वहिनींकडे गेला. त्यांनी हातात घेताच साडी ओळखली...

उरलेली सगळी साडी त्यांनी वासुदेवच्या अंगावर पांघरली होती. दहनाला नेताना.