सुरणाच्या लेखाचा पडसाद

"तीन महिने खाजत होते हे हात! आणि तुमचं यंत्र म्हणतं, जगाला काही फरक पडला नाही?"

तन्वीबाई गावंडांनी दोन्ही हात टेबलावर आपटले. शेजारी त्यांचे यजमान, निवृत्त प्राध्यापक सुमेध गावंड, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते.

"अगं, हळू. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ आहेत त्या."

"असू देत की. शास्त्रज्ञ मीही आहे. लेखावर माझं नाव आहे."

होतं खरंच. डॉ. रेवा टिपणीसने समोरच्या पडद्यावर लेख उघडला. 'सुरणाच्या खाजेवर आमसुलाच्या पाण्याचा परिणाम', लेखक सुमेध गावंड आणि तन्वी गावंड, सन २०२९. सर आवळसईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्या कॉलेजच्या चिमुकल्या नियतकालिकातून हा लेख नेटवर चढला होता. खाली 'प्रयोगासाठी हात' असं लिहून तन्वीबाईंचं नाव पुन्हा एकदा दिलं होतं.

रेवाला हसू आवरेना. सुरण म्हटलं की तिला असंही हसू यायचं. तिच्या दर वाढदिवसाला आई सुरणाचे काप करायची आणि बाबांच्या ताटात वाढताना म्हणायची, "घ्या, तुमच्यासाठीच मागवलाय." का, ते रेवाने कधी विचारलं नव्हतं. घरातल्या अशा गमतींची चौकशी कोण करतं?

२०७१ साल होतं. यंत्रं दिवसाला लाखो शोधलेख लिहीत होती. त्या ढिगाऱ्यातून कामाचा लेख शोधायचा म्हणजे डोक्याला ताप झाला होता. कुठल्या लेखाचा उल्लेख किती जणांनी केला, हे मोजण्यात आता अर्थ उरला नव्हता, कारण यंत्रं एकमेकांचे उल्लेख करून एकमेकांची पाठ थोपटत बसत. तेव्हा आठ वर्षांपूर्वी रेवाने पडसादमापक बांधला. आता दर एकतीस मार्चला, ज्या लेखांचा पडसादांक शून्य, ते नेटवरून कायमचे पुसले जात. त्याआधी यादीतल्या एकेका लेखाला रेवा स्वतः बटण दाबून मंजुरी देई. गावंड पतिपत्नींना तशी सूचना गेली होती, म्हणून ते आज साताऱ्यातल्या पडसाद केंद्रात येऊन धडकले होते. आज अठ्ठावीस तारीख होती.

"पण मोजता तरी कसं हो?" तन्वीबाईंनी विचारलं.

"वजा-जग करून," रेवा म्हणाली. तिला समजावून सांगायला मनापासून आवडायचं. "समजा, भाजीत मीठ किती महत्त्वाचं ते कळत नाहीये. मग तीच भाजी मिठाशिवाय करून बघायची. माझं यंत्र सगळ्या जगाची एक हिशेबी नक्कल बनवतं. तिच्यातून तुमचा एक लेख काढून टाकतं आणि आजच्या दिवसापर्यंत ती नक्कल चालवतं. ते झालं वजा-जग. मग आपलं जग आणि ते जग शेजारी ठेवायचं. रोग किती, पिकं किती, शोध किती, माणसं किती. जो फरक येईल तो पडसादांक."

गावंड सरांनी मान डोलावली. "मग आमचं शून्य बरोबरच आहे. सुरणात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, आंबटाने त्यांचा त्रास कमी होतो. हे कोकणात प्रत्येक घरात माहीत होतं. आम्ही फक्त मोजून लिहिलं."

"बरोबर काय डोंबल!" तन्वीबाई कडाडल्या. "या माणसाने आयुष्यात एकच लेख लिहिला. माझं नाव छापून आलं ते तेवढ्या एका ठिकाणी. नातवंडांना मी तो दाखवते. तो पुसला तर मी वाईट वाटून घेईन, आधीच सांगून ठेवते." त्यांनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. "काप आणलेत. पुरावा म्हणून. खा आणि मग बोला."

रेवाने एक काप तोंडात टाकत पडसादांकाच्या रकान्याकडे नजर टाकली, आणि तिचं चावणं थांबलं. तिथे शून्य नव्हतंच. तिथे नुसती आडवी रेघ होती. पुसायच्या यादीने रेघेलाही शून्यात धरलं होतं.

"अरेच्चा!"

"काय झालं?"

"ही रेघ म्हणजे यंत्राला मोजताच आलं नाही. आजवर फक्त अकरा लेखांना अशी रेघ आलीये, आणि त्या अकरांवरूनच तर मी हे यंत्र बांधलं. त्यातला कुठलाही काढला तर वजा-जगात यंत्रच तयार होत नाही. मग मोजणार कोण?"

"म्हणजे सुरणाशिवाय तुमचं यंत्र झालं नसतं?" सरांचे डोळे चमकले. "तुम्ही आमचा लेख वाचला होतात?"

"नाही हो सर. आज पहिल्यांदाच बघतेय."

तिने लेख शेवटपर्यंत सरकवला. जुन्या पद्धतीप्रमाणे तळाला नमुने मागवण्याचा पत्ता होता. ज्याला पडताळून बघायचंय त्याने पत्र पाठवावं किंवा यावं, लेखक त्याला सुरणाचा तुकडा देईल. पत्ता होता : दत्तमंदिरामागे, दवाखान्यावरची खोली, आवळसई.

"तो पत्ता चुकलाय," सर ओशाळून म्हणाले. "आम्ही तेव्हा ती खोली सोडून नव्या घरी गेलो होतो. पत्ता हिने लिहिला."

"मी गॅसच्या पुस्तकावरून लिहिला. गॅसच्या पुस्तकावर असेल तोच खरा पत्ता, असं माझे वडील म्हणायचे. तो बदलून घ्यायला यांना वेळ झाला नाही, त्यात माझी काय चूक?"

रेवाचा हात डब्यावरच राहिला. दवाखान्यावरची खोली. लग्नाआधी आई आवळसईच्या दवाखान्यात नर्स होती. राहायलाही तिथेच, वरच्या खोलीत. तिने आईला फोन लावला.

"आई, बाबा तुला पहिल्यांदा कुठे भेटले?"

"हे काय मध्येच? दारात भेटले. जळगावहून आले होते, सुरणाचे वेफर्स काढायचं खूळ डोक्यात. म्हणे, लेखात पत्ता आहे, दोन किलो सुरण द्या. मी म्हटलं, मी नर्स आहे, इंजेक्शन हवं तर देते. दुसऱ्या दिवशी परत हजर! तिसऱ्या दिवशी मीच बाजारातून सुरण मागवून ठेवला. म्हटलं, एवढा लांबून आलाय बिचारा." आई खळखळून हसली. "का गं?"

"संध्याकाळी सांगते," म्हणून रेवाने फोन ठेवला.

तन्वीबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि रेवाच्या गालांवरून हात फिरवून त्यांनी कानशिलांवर बोटं मोडली. "अगं पोरी! म्हणजे तू आमच्या सुरणाची! अहो, ऐकलंत का? आणि म्हणे शून्य!" सर तर चष्मा काढून डोळेच पुसायला लागले. तिघंही हसत सुटली. रेवाने लेखापुढे स्वतःच्या हाताने 'कायम ठेवावा' अशी नोंद केली आणि आणखी दोन काप खाल्ले.

"एक शंका," सर चष्मा चढवत म्हणाले. शिक्षकाची सवय, ती कुठे जाते? "त्या दारात तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाचे आईबाबा भेटले असते तर? म्हणजे त्यांच्या मुलीने यंत्रबिंत्र काही बांधलं नसतं तर? आम्हाला रेघच आली असती?"

"नाही. यंत्र दोन्ही जगांत असतं. त्याने माणसं मोजली असती. तिकडे त्या आईचं दुसऱ्या कुणाशी लग्न झालं असतं, दुसरी मुलगी झाली असती. इकडे एक, तिकडे एक. फरक..."

ती मध्येच थांबली. पुढचा शब्द तिने आठ वर्षांत लाखो वेळा पडद्यावर पाहिला होता, आणि दर वेळी बटण दाबलं होतं.

"शून्य," सरांनी वाक्य पुरं केलं.

तन्वीबाई डब्याला झाकण लावत होत्या. "आतापर्यंत असे किती पुसलेत गं?"

"एकोणीस लाख."

"अगंबाई! आणि ते कुणाकुणाचे होते?"

रेवाने मान वळवली. खिडकीबाहेर केंद्राच्या फाटकाशी माणसं येत-जात होती. एक बाई कुल्फी खात होती, दोन म्हातारे कसल्याशा गोष्टीवर टाळ्या देऊन हसत होते. यातलं कोण कुठल्या लेखामुळे इथे उभं होतं, ते आता कुणालाच शोधता येणार नव्हतं.

पडदा उजळला. यादीतला पुढचा लेख आला होता. 'गोगलगायींच्या शंखांवरील रेषांची मोजणी', सन २०३४. पडसादांक शून्य. पुसू?

रेवाने बटणावरचा हात काढून घेतला आणि लेखाच्या तळाशी कुणाचा पत्ता आहे ते वाचायला सुरुवात केली.