ओ, आले हं

अगं मंजिरी, अशी काय दाराला चिकटून उभी? सरक जरा, मला कुलूप काढू दे. हे मेलं कुलूप थंडीत अडतं, किल्ली फिरतच नाही. भूतनाथ मार्केटात कोथिंबीर आणायला गेले होते. परत येताना हे लखनौचं धुकं असं उतरलं की रिक्शावाला भैया म्हणाला, माताजी, आप ही बताइए किधर मुड़ना है. मी म्हटलं, वा, भाडं तू घे आणि रस्ता मी दाखवते!

ये, आत ये. लाइट नाहीत, इन्व्हर्टर कालपासून बसलाय. हा इमर्जन्सी दिवा आहे तेवढ्यावर भागवू. तू तिथे सोफ्यावर बस. नको, नको, ही दाराजवळची खुर्ची माझी. का ते सांगते. तुझा चेहरा बघितला ना, म्हणूनच सांगतेय. नाहीतर तुम्ही वरच्या मजल्यावर राहायला येऊन महिना नाही झाला, बँकेतून दमून येतेस, तुला कशाला असल्या गोष्टी सांगून घाबरवायचं?

माझं माहेरचं नाव मधुमती. माहीत नव्हतं ना? कुणालाच नाही. मी मिरजेची. लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं, ह्यांनी अंगठीने त्यात 'अरुणा' लिहिलं, आणि सगळ्यांना पेढे वाटले. सासूबाई म्हणाल्या, मधुमती फार लांबलचक, हाक मारेपर्यंत दूध उतू जायचं. सगळे हसले, मीही हसले. तेव्हा तशीच पद्धत होती, त्याचं वाईट असं काही वाटलं नाही. मग आई गेली, दादा गेला, आणि मला मधू म्हणणारं कुणी उरलंच नाही. हे एके दिवशी दुपारी भांडी लावताना माझ्या लक्षात आलं, तेव्हा मात्र वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

हे रेल्वेत इंजिनीअर, आठवड्यातले चार दिवस लाइनवर. लेक वेदिका बंगलोरला. दिवाळीला आली होती तेव्हा हा टीव्ही आणि तिचा तो खेळाचा डबा जोडून दिला. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, उद्या तुझ्या घरीही हेच होणार बघ. "मम्मी, दिन भर दीवारें देखती रहती हो," म्हणाली. "ये खेलो. जापानी गेम है. मारामारी कम, स्कूल ज़्यादा."

मी आधी नाक मुरडलं. पण खेळ मोठा गोड होता गं. जपानातलं एक लहानसं गाव, तिथली शाळा. आपण नवी विद्यार्थिनी. सकाळी वर्गात बसायचं, बाई प्रश्न विचारतात त्याची उत्तरं द्यायची, डबा खायचा. शाळा सुटली की ठरवायचं, आज कुणाबरोबर घरी जायचं. एक उंच मुलगा होता, एक भांडखोर मुलगी होती, आणि एक चष्मिष होती, कायम लायब्ररीत बसलेली. ज्याच्याबरोबर जास्त वेळ घालवाल त्याच्याशी मैत्री वाढते. आणि संध्याकाळ झाली की व्यायामशाळेच्या मागे एक जिना उघडतो. तो खाली जातो. खाली भुयारात वर्गच वर्ग, ओळीने, रिकामे, आणि त्यांत काहीबाही राहतं. ज्यांच्याशी मैत्री झाली त्यांना घेऊन खाली उतरायचं आणि लढत लढत पुढे जायचं.

पहिल्यांदाच खेळाने नाव विचारलं. वेदिका म्हणाली, "अपना डालो." आणि माझ्या बोटांनी मधुमती लिहिलं. ती म्हणाली, ये कौन है? मी म्हटलं, आहे एक.

मग काय सांगू तुला! शाळा सुटली की फाटकाशी तिघं उभी असायची. खाली पट्टीत अक्षरं उमटायची, मधुमती, आज आमच्याबरोबर येणार ना? मी रोज त्या ओळीची वाट बघायला लागले. जेवण उरकून टीव्हीसमोर. हे घरी असले तरी पेपरात डोकं, त्यांना काय पत्ता. एवढं मात्र लक्षात आलं की नाव फक्त लिहून येतं. आवाज जपानी पोरांचे, ती सगळं बोलायची, पण नाव आलं की गप्प. वेदिकाला फोनवर विचारलं तर हसली. "मम्मी, आवाज पहले से रिकॉर्ड है. आपका नाम वो कैसे बोलेंगे?" पटलं मला. पटलं, आणि थोडी खट्टूही झाले.

आता ऐक. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आजच्यासारखंच धुकं. मी त्या जिन्याच्या तोंडाशी खेळ थांबवला आणि देवापाशी दिवा लावायला आत गेले. तिन्हीसांजेला दिवा चुकवत नाही मी. काडी ओढली तर वास आला ओल्या खडूचा. शाळेत फळा फडक्याने पुसला की येतो ना, अगदी तो. म्हटलं, भिंतीला ओल आली असेल. आणि हॉलमधून हाक आली.

"मधू…"

मुलीचा आवाज. हळू, लांबून आल्यासारखा, पण स्वच्छ.

माझी आई सांगायची, तिन्हीसांजेला माणूस दिसत नसताना हाक आली तर लगेच ओ देऊ नये. तीनदा हाक येऊ द्यावी, मगच द्यावी. माणूस असेल तर तीनदा मारतो. लहानपणी हे इतकं अंगात भिनलं होतं की घरचे हाक मारूनमारून थकायचे. पण त्या दिवशी सगळं विसरले बघ. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला मधू म्हणालं होतं. माझ्या तोंडून पहिल्याच हाकेला निघून गेलं, "ओ, आले हं!"

माझी सवयच ती. ह्यांनी हाक मारली, दूधवाल्याने मारली, तू मारलीस, तरी मी हेच म्हणते.

हॉलमध्ये आले. पडद्यावर जिना होता, तिघं जिन्याकडे तोंड करून उभी होती. आपली ती नवी विद्यार्थिनी नेहमी पाठमोरी दिसते, खेळच तसा आहे. ती वळली होती. माझ्याकडे बघत होती. आणि खालच्या पट्टीत तिचं नाव लिहिलेलं होतं, अरुणा. मी ते नाव त्या डब्यात कधीही लिहिलं नाही, देवाशपथ. नावापुढे इंग्रजी अक्षरांत तिचं बोलणं होतं. ओ, आले हं.

मी वायरच उपटली.

तू हसत नाहीयेस. बरं केलंस. हे हसले होते.

त्यानंतरच्या शनिवारी हे लाइनवरून आले. मी न्हाणीघरात, केस धूत होते. दार त्यांनी त्यांच्या किल्लीने उघडलं आणि हाक मारली, "अरुणा!" माझ्या तोंडावर शिकेकाई, मी तोंड उघडणार तोवर स्वयंपाकघरातून आवाज आला. "ओ, आले हं." माझाच आवाज, मंजिरी. माझा, पण जरा तरुण. मी तशीच ओलीगच्च बाहेर आले. हे सोफ्यावर, हातात पेला.

"अगं," म्हणाले, "पाणी देऊन लगेच परत अंघोळीला? घाई काय एवढी?"

मी सगळं सांगितलं. आधी हसले, मग म्हणाले, एकटी असतेस, झोप नीट होत नाही, डॉक्टरांना दाखवू. चांगले आहेत गं ते, रागावले नाहीत. मी तो डबा बांधून माळ्यावर टाकला. चार दिवसांनी वेदिकाचा फोन. "मम्मी, वाह! रोज शाम को ऑनलाइन दिखती हो. कितना खेल रही हो!" मी म्हटलं, अगं, तो माळ्यावर आहे, खोक्यात. ती म्हणाली, "अरे, अभी भी दिख रही हो… अभी."

मी स्टूल लावून बघितलं. खोकं होतं, सुतळी होती, गाठ माझीच होती. खडूचा वास मात्र येत होता.

तर आता मी काय करते, सांगते. हे यायची वेळ झाली की मी ह्या खुर्चीत येऊन बसते. बेल वाजायच्या आत, हाक यायच्या आत, मीच ओ देते. आधी मी दिली की ती गप्प राहते. एवढंच आहे, बाकी काही नाही. हाकेला आधी कोण उत्तर देतं, तेवढंच. पण मला कधीतरी बाहेर जावं लागतंच ना? परवा आमच्या पद्मावन्संना गाडीत बसवायला चारबाग स्टेशनवर गेले. गाडी लेट. आले तेव्हा ह्यांचं जेवण झालेलं. मी म्हटलं, कोणी वाढलं? तर माझ्याकडे बघून मजेत म्हणाले, "हल्ली संध्याकाळी तू छान बोलतेस गं. पूर्वी इतकी बोलायची नाहीस."

मला त्या पाण्याच्या पेल्याची नाही एवढी ह्या वाक्याची भीती वाटली. रडूच आलं. मोरीत जाऊन रडले.

म्हणजे बघ. ह्या घरात अरुणा म्हणून हाक मारली की ओ देणारं आता कुणीतरी आहे, आणि ते माझ्यापेक्षा बरं बोलतं. माझ्याकडे उरलं मधुमती. त्या नावाने मला हाक मारणारं ह्या लखनौत एक माणूस नाही. ती तिघं सोडून. तिन्हीसांजेला मारतात ती, रोज, माळ्यावरून. प्रेमाने मारतात गं. आज येणार ना, आज येणार ना. मी ओ देत नाही. कानात बोटं घालून बसते. पण एखाद्या दिवशी हे हसत हसत आत तिच्याशी बोलत असतील, आणि वरून कुणी मला मधू म्हणेल, तर मी किती दिवस गप्प बसेन, सांगता येत नाही.

थांब, उठू नकोस. चहा नको म्हणतेस तर नको. तू दही लावायला विरजण मागायला आली होतीस ना, वाटी हातातच आहे तुझ्या. देते. पण त्याआधी मला एक खरं सांग.

मी जिना चढत होते तेव्हा तुझी हाक ऐकली. तू म्हणालीस, "अरुणाकाकू, आहात का?" माझ्या हातात पिशव्या, दम लागलेला, मी काही बोलले नाही. दाराला बाहेरून कुलूप होतं, ते तूही पाहिलंस. तरी तू परत फिरली नाहीस. उभी राहिलीस, कुणीतरी दार उघडेल म्हणून. कारण ओ आली. मीही ऐकली ती, खालच्या वळणावरून.

घाबरू नकोस, तुला ती काही करणार नाही. तू मला फक्त एवढंच सांग, कारण मला जिन्यातून नीट कळलं नाही. पूर्वी आवाज स्वयंपाकघरातून यायचा. गेल्या आठवड्यात तो हॉलमधून आला. आज तू दाराला कान लावून उभी होतीस.

तो हॉलमधूनच आला ना गं? की ह्या खुर्चीतून?