तिसरी सूचना

बसा. टेबलावरचा दिवा जरा तुमच्याकडे वळवतो. उद्यापासून ही खोली तुम्ही सांभाळणार, तेव्हा हे ऐकूनच जा.

त्या दिवशी मी खाली उतरलो तो फक्त खोकल्याच्या गोळ्या आणायला. दुपारचे साडेतीन झाले होते. ज्याचं पोट घशावर चालतं त्याने घसा जपावा, एवढं शहाणपण माझ्यात आहे. या बस स्थानकात पंधरा वर्षं मी सूचना देतोय. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कोणाचं पाकीट सापडलं, कोणाचं माणूस हरवलं, सगळं माझ्याच तोंडून. ही काच आहे ना, हिच्यातून खालचा अख्खा हॉल दिसतो.

गोळ्या घेऊन परतताना घड्याळाखालच्या बाकावर ती पिशवी दिसली. करड्या जाड कापडाची, तोंडाला दोरी बांधलेली. आजूबाजूला कोणी नाही. आणि तो वास... वर्षभर कपाटात कोंडलेल्या ओल्या लोकरीचा. ती पिशवी मी चौथ्यांदा पाहत होतो.

नियम सांगतो, नाहीतर माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. बेवारस वस्तू दिसली की तीन सूचना. पहिली साधी, विसरलेली पिशवी मालकाने येऊन घेऊन जावी. मग दहा मिनिटं थांबायचं. दुसरीला रखवालदारमामा आसपासची माणसं उठवतात. तिसरी म्हणजे भोंगा, सगळा हॉल रिकामा. तिला साहेबांची सही लागते. गेल्या वर्षी एका खोक्यासाठी मी सही न घेताच भोंगा वाजवला. खोक्यात निघाले जुने बूट, आणि जिन्यावरच्या धक्काबुक्कीत एका बाईंचा पाय मोडला. चूक माझीच होती. पण तेव्हापासून साहेब ताकही फुंकून पितात, आणि फुंकायला लावतात मला.

आधीच्या तीनही वेळा मी नियमाप्रमाणे पहिली सूचना दिली आणि तीनही वेळा कोणीतरी आलं. तिघंही रिकाम्या हातांनी हॉलमध्ये शिरलेली मी इथून पाहिली होती. तरी ‘माझीच आहे’ म्हणून वहीत सही करून पिशवी घेऊन गेली. त्यातल्या म्हाताऱ्याला रखवालदारमामांनी विचारलं होतं, “आजोबा, आत काय आहे?”

“घरचंच आहे,” तो म्हणाला, “किती वेळ हाका मारत होते...”

आठवडाभरात तिघांच्याही घरची माणसं या खोलीत येऊन बसली. हरवलेली तिघं म्हणजे एक शिक्षिका, तो म्हातारा सुतार आणि एक नर्स. त्यांची वर्णनं माइकवर मीच वाचली.

म्हणून त्या दिवशी मी आधी साहेबांची केबिन गाठली.

“साहेब, तीच पिशवी पुन्हा आलीय.”

त्यांनी फायलीतून मान वर केली नाही. “करड्या पिशव्या शंभर असतात.”

“हिला नेणारी माणसं परत येत नाहीत.”

“पिशवीला मालक मिळाला, आपलं काम संपलं. माणसं शोधणं पोलिसांचं काम. पहिली सूचना द्या.”

“पहिली सूचना म्हणजे कोणालातरी तिच्याजवळ बोलावणंच की. मला सरळ तिसरी देऊ द्या.”

“आणि फॉर्मवर कारण काय लिहू? वास येतो?”

पालथ्या घड्यावर पाणी. चरफडत वर आलो. पण एक मनाशी पक्कं केलं, सूचना द्यायची नाही. मी बोलावलंच नाही तर कोणी येणार नाही. माइकची वायर काढून टेबलावर ठेवली.

कारण चार नंबरच्या तिकीट खिडकीत माझी ताई बसायची. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. खिडकीपासून तो बाक दहा पावलांवर. चारला तिची सुट्टी व्हायची, मग वर यायची, माझा रिकामा डबा घ्यायची, घसा बसल्याबद्दल दोन शब्द सुनवायची आणि घरी जायची.

फोन वाजला. साहेब. “दिली का सूचना?”

“नाही.”

“मग वर बसून काय करताय?”

खरंच, काय करत होतो? ना पहिली देत होतो, ना तिसरी. भोंग्याच्या बटणावरच्या काचेकडे बघत होतो आणि डोळ्यांपुढे त्या बाईंचा पाय येत होता. आणखी एक चूक आणि नोकरी गेली असती. म्हणून चार वाजेपर्यंतची दहा मिनिटं नुसता थांबलो. त्या दहा मिनिटांसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

चार वाजले. ताईने खिडकी बंद केली. बाहेर आली आणि थबकली. मान वर करून भिंतीवरच्या कर्ण्याकडे पाहिलं, कोणीतरी बोलावल्यावर पाहतात तसं. मग ती जिन्याकडे न वळता बाकाकडे चालू लागली.

मी काच बडवली. तिने पाहिलं नाही. मग मात्र बटणावरची काच फोडली आणि भोंगा दाबून धरला. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

हॉल रिकामा झाला. बाकही. बाहेरच्या गर्दीत ताई सापडली. शांत उभी होती, पिशवी छातीशी धरून. मी तिचं मनगट पकडलं.

“ताई, ती खाली ठेव.”

“ठेवते की. घरी गेल्यावर.”

“तुझी आहे असं कोणी सांगितलं तुला?”

“तूच ना रे... सारखा बोलावत होतास. लहानपणी अंधाराला भिऊन हाक मारायचास, तसा.”

तेवढ्यात मागून साहेब ओरडले, “सही कोणाची घेतलीत?” मी रागाने वळलो आणि म्हणालो, “कोणाचीच नाही.” तेवढंच. पुन्हा वळलो तेव्हा माझी मूठ तशीच आवळलेली होती आणि आत काही नव्हतं.

तिचंही वर्णन मीच वाचलं.

आता साहेबांनी कोऱ्या फॉर्मांवर आधीच सह्या करून दिल्या आहेत. ते बघा, खणात गठ्ठाच आहे. वाट्टेल तेव्हा भोंगा वाजवा म्हणाले. यांचं शहाणपण असं उशिरा येतं.

आणि ती पिशवी आज पुन्हा आलीय. घड्याळाखाली, तुम्ही आलात तेव्हापासून. हो, मला दिसली. फॉर्मही तयार आहे, बटणावरची काचही मीच काढून ठेवलीय. पण भोंगा सुरू झाला की दुसरं काही ऐकू येत नाही हो. आणि ताई मघापासून हाक मारतेय, डबा घेऊन ये म्हणून.

हा डबा तेवढा देऊन येतो. भोंगा मी परत आल्यावर वाजवा.