डहाळ्यांचा मान

जया त्या दिवशी चिमूरला गेली ती भांडायलाच. सायकलच्या कॅरिअरला बांधलेलं ओलं पोतं तिनं लग्नाला मांडव-भांडी पुरवणाऱ्या बिछायत केंद्राच्या दारात सोडलं आणि सरळ उलटं केलं. थर्माकोलच्या प्लेटा, प्लास्टिकचे गिलास, वर शेवाळ. गावातल्या लग्नाचा हा आहेर तिच्या बापाच्या जाळ्यात आला होता. मासळी मात्र आली नव्हती.

"तुमचं सामान," ती म्हणाली. "वापस आनलं."

सुटलेल्या पोटाचा कोणी शेठ तिनं मनाशी धरला होता. गल्ल्यावरचा मालक, प्रफुल, चांगला सडपातळ निघाला, आणि त्याला हसू आवरत नव्हतं. घरून ठरवून आणलेलं अर्धं भांडण तिथंच वाया गेलं.

"हासता काऊन भाऊ? तलावावर पोट हाय आमचं."

"हासत नाई..." तो खाली बसून प्लेटा गोळा करू लागला. "पन भाऊ नोका म्हनू. माह्या घरी दोन बहिनी हायेत. तेवढ्या बस्स झाल्या."

भाऊ तर आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरलाही म्हणतात. हे जयाला माहीत होतं, त्यालाही. तरी परतीच्या वाटेवर ती त्या एका वाक्याशीच खेळत राहिली.

दोन हजार तीनचा तो उन्हाळा. वैशाखात जयाच्या भावाचं, देवानंदचं, लग्न ठरलं होतं. जयानं घरात जाहीर केलं — या लग्नाचा एक चमचासुद्धा तलावात जाणार नाही. जेवण पळसाच्या पत्रावळीवर, आणि दारात कापडी पेंडॉलऐवजी जुन्यासारखा हिरवा मांडव.

"लगन हाय का वनखात्याचा कार्यक्रम?" देवानंद कुरकुरला.

त्यांचा बाप डोमा पोरीपुढे नमला, पण एक अट घालूनच. लग्नाच्या आदल्या दिवशी ऊन चढेपर्यंत मांडव उभा झाला नाही, तर बिछायतवाल्याला फोन. प्लेटांसकट.

या ना त्या निमित्तानं प्रफुल येऊ लागला. गिऱ्हाईक हातचं जात असताना माणूस इतका खुशीत कसा, हे जयाच्या आईला, ताराबाईंना, कोडंच होतं. तो ओट्यावर बसून जयाबरोबर पळसाची पानं टाचायचा आणि त्याची पत्रावळ हमखास मधून फाटायची.

"याच्यात वरन थांबन का?" जया विचारायची.

"वरन नाई थांबत... तं मी थांबतो."

ती मान खाली घालायची. मग एकदा तिनं विचारलंच, "दुकानात प्लेटा इकनं चालूच हाय ना?"

तो पुढचं पान टाचू लागला. तिचं मन नेमकं तिथंच अडलं होतं. तो आवडला होता, त्यात वाद नव्हता. पण ज्याच्या मालानं बापाचं जाळं भरतं, त्याच्या घरी नांदायला जायचं कोणत्या तोंडानं?

हिरव्या मांडवाच्या डहाळ्या आणायचा मान घरच्या जावयाचा. तो जांभळाच्या फांद्यांनी भरलेली बैलबंडी घेऊन येतो, बायका त्याला ओवाळतात, दुपट्टा-टोपी देतात. डोमाला अजून जावई नव्हता, म्हणून चुलत जावई लहानूला सांगून ठेवलं होतं. लग्नाच्या आदल्या सकाळी लहानूभाऊजी भलत्याच कुणाच्या मांडवात झिंगून पडले होते. ऊन चढलं. डोमानं चपला घातल्या आणि तो फोन करायला एसटीडीवर निघाला. जया दारात उभी होती. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

तेवढ्यात वळणावर बंडी दिसली. मागे फांद्यांचा हिरवा ढीग, पुढे कासरा धरून प्रफुल.

"झाड तोडलं?" तिनं डोळे पुसत पहिलं तेच विचारलं.

"नाई. रोडच्या कामात जांभळं पाडली, फांद्या पडूनच होत्या." त्यानं घाम पुसला. "आन दुकानातल्या प्लेटा ठोकवाल्याले वापस केल्या. आता पत्रावळ्याच ठेवतो... पन शिकवा लागन."

ओट्यावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग रुखमाआत्या फिसकन हसली. "अवं तारा, जवाई आला ना तुह्या घरी! आरती आन!"

जयाचे कान तापले. बैलाच्या आडून ती हळूच म्हणाली, "डहाळ्या कोन आनते, तुमाले माहीत नसन... चुकून आनल्या म्हनून सांगून टाका. नाई तं गावभर होईन."

"आमचा धंदाच मांडवाचा," प्रफुल म्हणाला. "मले माहीत नसन?"

ताराबाई ताट घेऊन उंबऱ्यात थबकल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. डोमानं क्षणभर पोरीकडे पाहिलं, चपला काढून ठेवल्या आणि तो फांद्या उतरवायला लागला.

ओवाळणं झालं. लहानूसाठी आणलेली टोपी प्रफुलच्या थेट भुवयांवर घसरली.

"ढिल्ली होते," तो म्हणाला.

"आपल्या लग्नात मापाची आनू," जया म्हणाली. भाऊ म्हणायचं तेवढं राहून गेलं.