मधली रेघ

कर्जतजवळच्या त्या दूध डेअरीत रिकामा प्लग एकच होता आणि लॅपटॉप दोन. प्रेमाला याहून फारशी सोय लागत नाही.

"माझी बॅटरी संपत आलीय," वृषाली म्हणाली.

"माझीही..." आदिनाथ म्हणाला. त्याची निम्मी शिल्लक होती. पण प्लगजवळचं बाकडं जेमतेम दोघांपुरतं होतं.

ती नागापूरच्या वजनकाटा कंपनीकडून आलेली, तो तिथल्याच फॅट मशीनवाल्यांकडून. डेअरीचा कॉम्प्युटर मात्र एकच. स्क्रीनवर डावीकडे तिने दुधाचं वजन दाखवायचं, उजवीकडे त्याने फॅट. दोघांनी पायथॉनमध्ये आपापली चौकट चारी बाजूंनी आखली. शेजारीशेजारी ठेवल्यावर मधली रेघ दुप्पट जाड झाली.

चेअरमन रामहरी तात्यांची चुलतभावाशी बांधावरून केस चालू होती. त्यांना ती जाड रेघ लगेच दिसली. "ह्यो मधला बांध येवढा रुंद कुनी केला? एकानं आपली बाजू काढा. सांजच्या दुधाला पास करतो, मंग तुमी मोकळे."

मोकळे. आदिनाथला हा शब्द अजिबात आवडला नाही. उद्यापासून ती तिच्या कंपनीच्या शेडमध्ये, तो त्याच्या.

"तुम्ही काढा ना," तो म्हणाला. "लेडीज फर्स्ट."

"एसटीत आम्हाला अर्धं तिकीट आहे. रेघ पूर्णच राहील."

दिवसभर हेच चाललं. शेवटी तिने केस कानामागे सारले आणि ती चहा सांगायला गेली. आदिनाथने हार मानून आपली बाजू पुसली. मग त्याला साहेबांचा फोन आला, तो बाहेर गेला...

संध्याकाळी कॅन आले, स्क्रीन लागली. वजन आणि फॅट एकमेकांना खेटून उभे. मध्ये काहीच नाही.

"बांधच गेला की," तात्या म्हणाले.

"मी काढली," दोघं एकदमच बोलले.

"तुम्ही तर काढणार नव्हतात," आदिनाथ हळूच म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे..." ती कीबोर्डकडे बघत राहिली. "भांडण संपवावं म्हटलं. संपल्यावर तुम्ही जाल, हे नंतर सुचलं."

"मला आधीच सुचलं होतं," तो म्हणाला. "म्हणून तर दिवसभर भांडलो."

तात्यांनी दोघांकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "पास न्हाई. उद्या या."

नापास झाल्याचा इतका आनंद आदिनाथला इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांत झाला नव्हता, आणि संधी तर भरपूर मिळाल्या होत्या.

बाहेर वृषालीने हेल्मेट चढवलं, परत काढलं.

"उद्या दोन गाड्या कशाला? तू नागापूरच्या चौकात थांब."

तू. तो किल्ली लावायचीच विसरला.

"आणि रेघ... कोण घालणार?"

"बघू की," ती म्हणाली. "घाई कुणाला आहे?"